सनदेची सरहद्द

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी इगतपुरीचा माणूस. आमच्या गावाची ओळख दोन गोष्टींसाठी. एक पाऊस आणि दुसरे इंजिन. थळ घाट चढून आगगाडी 1865 साली इगतपुरीला आली. घाटात चढ असा, की सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात. त्यांना आम्ही ‘बँकर’ म्हणतो. ती गाडीला ढकलत वर आणतात आणि इगतपुरीला सुटी होतात.

माझ्या लहानपणी स्टेशनात याखेरीज आणखी एक सोहळा होई. मुंबईहून गाडी ओढून आणणारे विजेचे इंजिन इगतपुरीला काढून घेत आणि दुसरे जोडत. मुंबईकडच्या तारांत डीसी वीज, भुसावळकडच्या तारांत एसी. डबे तेच, उतारू तेच, त्यांच्या खिशातली तिकिटेही तीच. पण पुढे जायचे तर इंजिन दुसरे. आमचे अब्बा रेल्वेत शंटर होते. एकदा मी त्यांना विचारले, “अब्बा, हे इंजिन बिघडलं का?” ते म्हणाले, “बिघडलं नाही रे. वरची तार बदलली.”

हे वाक्य मला मध्यंतरी फार दिवसांनी आठवले. त्याला कारण माझी भाची. तिने नाशिकला एलएल.बी. केले, सनद घेतली, दोन वर्षे जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काढली. आता तिला इंग्लंडला जायचे आहे. एका एजंटाने तिला सांगितले, की तिकडे वर्षभराचे एलएल.एम. केले की झालात तुम्ही तिकडचे वकील. त्या एका वर्षासाठी माझे मेहुणे घोटीकडची दोन भातखाचरे विकायला निघाले होते. भाची माझ्याकडे कागदांची चळत घेऊन आली आणि म्हणाली, “मामू, तुम्ही एवढं वाचता. खरं काय ते सांगा ना.” मी साधा बी.ए.; त्यातून कविता लिहिणारा. कायद्याची परीक्षा कधी दिली नाही. पण एका देशात कायदा शिकलेला माणूस दुसऱ्या देशात काम मागायला जातो तेव्हा काय घडते, याला इतिहास आहे. आणि त्या इतिहासाची बरीच पाने आपल्याच आसपासची आहेत. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात शब्दापासून करू. वकील हा शब्द अरबी. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा तो वकील. पेशवाईत वकील म्हणजे कोर्टात उभा राहणारा माणूस नव्हे. आपल्या धन्याच्या वतीने परक्या दरबारात राहणारा माणूस. नाशिकचे हिंगणे घराणे हे त्याचे ठळक उदाहरण. महादेवभट हिंगणे आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या दिल्लीच्या बादशाही दरबारात पेशव्यांचे वकील होत्या. तिथल्या खबरा कळवायच्या, बोलणी करायची, पैशांचे व्यवहार निभवायचे, हे त्यांचे काम. म्हणजे गंमत पाहा. अठराव्या शतकात वकील या शब्दाचा अर्थच परमुलखात काम करणारा असा होता. आज मात्र सगळ्या व्यवसायांत वकिलाचाच पाय सरहद्दीपाशी सर्वांत आधी अडतो. इंजिनिअरचा पूल नदी पाहून बांधला जातो, डॉक्टरला शरीर सगळीकडे एकच सापडते. वकिलाचे ज्ञान मात्र त्या त्या देशाच्या कायद्याचे असते. शिवाय कोर्टात उभे राहण्याचा हक्क ज्ञानातून मिळत नाही, तो सनदेतून मिळतो. सनद हा शब्दही अरबीच. जुन्या दप्तरांत राजाने दिलेला अधिकाराचा कागद म्हणजे सनद. आजही वकिलीच्या परवान्याला आपण सनदच म्हणतो, आणि ते अगदी बरोबर आहे. पदवी विद्यापीठ देते. सनद सत्ता देते.

इंग्रजी अमलात या सत्तेचा रस्ता एकेरी होता. लंडनच्या चार ‘इन्स’पैकी एकीतून बॅरिस्टर होऊन आलेल्याला मुंबईच्या हायकोर्टात मानाने जागा मिळे. मुंबईचा एलएल.बी. मात्र बोटीने लंडनला उतरून त्या पदवीच्या जोरावर तिथल्या न्यायाधीशापुढे उभा राहू शकत नसे. म्हणून ज्याला परवडे तो विलायतेला जाई. बद्रुद्दीन तय्यबजी 1867 साली बॅरिस्टर झाले आणि मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले. तेव्हापासून मराठी घरांत ‘बॅरिस्टर’ हे पदवीचे नाव राहिले नाही, ते माणसाचेच नाव झाले.

पण विलायतेचा शिक्का मिळाला म्हणजे सगळी दारे उघडली असे होते का? याचे उत्तर आपल्या नाशिकमध्येच जन्मलेल्या एका बाईंच्या आयुष्यात आहे. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म 15 नोव्हेंबर 1866, नाशिक. वडील पारशी, ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालवल्या. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि परीक्षेत इतक्या वर आल्या, की विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्याकडे चालत यायला हवी होती. पण त्या बाई होत्या, म्हणून ती मिळाली नाही. मग इंग्लंडमधल्या काही मंडळींनी वर्गणी काढली. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1889 साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. 1892 साली त्यांना खास ठराव करून बी.सी.एल.च्या परीक्षेला बसू दिले, आणि त्या उत्तीर्ण झाल्या.

परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाही. त्या काळी ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नसे. नुसते ज्ञान घेऊन त्या परत आल्या. इथे येऊन त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली, अलाहाबादेत वकिलीची परीक्षा दिली. दोन देशांच्या परीक्षा झाल्या, तरी कोर्टात उभे राहण्याचा हक्क कुठलाच देश देईना. शेवटी 1904 साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांना एक जागा मिळाली. पडद्यात राहणाऱ्या, वकिलाला भेटू न शकणाऱ्या जमीनदार घराण्यांतल्या विधवा आणि पोरकी मुले यांच्या मालमत्तेची राखण करायची, असे ते काम. सुमारे वीस वर्षांत शेकडो बायकामुलांचे हक्क त्यांनी सांभाळले. काम सगळे वकिलाचे. नाव तेवढे वकिलाचे नव्हते. अलाहाबाद हायकोर्टाने 1921 साली त्यांना वकील म्हणून नोंदवले. ऑक्सफर्डने पदवी दिली तीही परीक्षेनंतर तीस वर्षांनी. हिंदुस्थानात बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा 1923 साली झाला. तेव्हा कॉर्नेलियाबाई छप्पन्न वर्षांच्या होत्या.

आता समुद्र ओलांडून दुसऱ्या बाजूला जाऊ. मोहनदास गांधी 1891 साली लंडनच्या इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले. मुंबईत त्यांना काम मिळेना. स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटला नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. 1893 साली दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने त्यांना एका दाव्याच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेला नेले. मेहनताना 105 पौंड, शिवाय जाण्यायेण्याचे भाडे. कुठल्याही परदेशी वकिलाला असेच पहिले काम मिळते, हे लक्षात घ्या. कोर्टाने बोलावले नाही, आपल्याच भाषेच्या व्यापाऱ्याने बोलावले. पुढच्या वर्षी त्यांनी नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलीसाठी अर्ज केला, तेव्हा तिथल्या वकिलांच्या संस्थेने विरोध केला. मूळ इंग्रजी प्रमाणपत्र अर्जाला जोडलेले नाही, ही तांत्रिक हरकत होती. ते प्रमाणपत्र मुंबई हायकोर्टात जमा होते. खरी हरकत वेगळी होती. नियम केले तेव्हा काळा माणूस अर्ज करील, असे कुणाच्या मनातच नव्हते, असे संस्थेचे म्हणणे. न्यायालयाने हरकत फेटाळली. कायदा गोरा-काळा असा भेद करीत नाही, असे ठरले आणि गांधींनी शपथ घेतली. मग मुख्य न्यायाधीशांनी त्यांना कोर्टाच्या रिवाजाप्रमाणे डोक्यावरची पगडी उतरायला सांगितली. त्यांनी ती उतरवली. तीच पगडी उतरवायला त्यांनी आधी डरबनच्या दुसऱ्या एका कोर्टात नकार दिला होता! सनद मिळाली, पण दारात काहीतरी काढून ठेवून.

ज्या इन्स सनद देत, त्या ती अडवूही शकत आणि काढूनही घेऊ शकत. आमच्या इगतपुरीपासून भगूर फार लांब नाही. त्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर लंडनला ग्रेज इनमध्ये कायदा शिकले, परीक्षा उत्तीर्ण झाले. पण 1909 साली इनच्या पदाधिकाऱ्यांनी त्यांच्या राजकारणामुळे त्यांना बॅरिस्टर म्हणून दाखल करून घेण्यास नकार दिला. त्याच वर्षी इनर टेंपलने श्यामजी कृष्णवर्मा यांचे नाव पटावरून काढले. गांधींना 1922 साली शिक्षा झाल्यावर त्यांचेही नाव त्याच इनर टेंपलने काढून टाकले. पुढे गांधींचे नाव 1988 साली परत लिहिले गेले, श्यामजींचे 2015 साली. दोघांनाही जाऊन तोवर कितीतरी वर्षे लोटली होती. मेलेल्याला सनद देऊन काय मिळते, असे कुणी विचारील. मला वाटते, मेलेल्याला काही मिळत नाही. देणाऱ्याला मात्र आपली चूक स्वतःच्या हाताने लिहावी लागते.

आता मी ज्या माणसासाठी खरे तर हे भाषण करायला घेतले, त्याच्याकडे वळतो. नाव सखाराम गणेश पंडित. नाव ऐकले की आपल्याच गल्लीतला कुणी वाटावा. पण हा माणूस वकिली करीत होता अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस शहरात, शंभर वर्षांपूर्वी. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव नाही.

त्या काळी अमेरिकेचे नागरिकत्व परदेशातून आलेल्या कुणाला मिळे? कायद्याचे शब्द होते, ‘गोरी स्वतंत्र व्यक्ती’. पुढे त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली होती. आशियातून आलेल्यांचे काय, हे कोर्टागणिक बदले. आणि कॅलिफोर्नियात वकिलीची सनद हवी तर आधी नागरिक असावे लागे. ही साखळी किती निर्दय होती हे पंडितांच्या आधी एका चिनी माणसाने भोगले होते. हाँग येन चँग लहानपणी शिकायला अमेरिकेत आला, येल विद्यापीठात शिकला, 1886 साली कोलंबिया विद्यापीठातून कायद्याचा पदवीधर झाला. न्यूयॉर्कने त्याला 1888 साली सनद दिली. तो कॅलिफोर्नियात गेला, तर 1890 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चिनी माणूस नागरिक होऊच शकत नाही. म्हणून तुझे नागरिकत्व रद्दबातल, म्हणून तुला सनद नाही. त्याच न्यायालयाने त्याला सनद दिली, पण ती 2015 साली!

पंडित यांचे नशीब सुरुवातीला बरे होते. ते व्याख्याने देत अमेरिकेत फिरले, लॉस एंजेलिसला स्थिरावले. 1914 साली तिथल्या न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले. सरकारचा माणूस तेव्हा हजर होता. हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ ठरतो का, हा प्रश्न तेव्हाच निघाला होता. न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला आणि सरकारने अपील केले नाही. 1917 साली पंडितांना कॅलिफोर्नियाची सनद मिळाली. 1920 साली त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन बाईंशी लग्न केले. घर झाले, संसार झाला, व्यवसाय लागला. अशिलांत आपल्याकडचे लोक होतेच.

त्यांच्यातलाच एक खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भगतसिंग थिंद हे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते. त्यांच्या नागरिकत्वाला सरकारने आव्हान दिले. थिंद यांच्या वकिलांत पंडित होते. त्यांची बाजू अशी मांडली गेली, की उच्चवर्णीय हिंदुस्थानी हा आर्य वंशाचा, शास्त्रज्ञांच्या वर्गवारीत तो कॉकेशियन, म्हणजे गोऱ्यांच्याच कुळातला. 19 फेब्रुवारी 1923 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही बाजू फेटाळली. शास्त्रज्ञ काही म्हणोत, रस्त्यावरचा सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणणार नाही तो गोरा नाही, असा त्या निकालाचा गाभा होता.

इथे मी जरा थांबतो. हा निकाल अन्यायाचा होता यात शंका नाही. पण पंडितांच्या बाजूनेही काय सांगितले गेले होते? आम्हाला आत घ्या, कारण आम्ही वरच्या जातीचे. म्हणजे भेद मोडा असे कुणी म्हणत नव्हते. भेदाच्या रेषेच्या आत आमचीही जागा करा, असे म्हणत होते. जन्माच्या जोरावर दार उघडू पाहिले आणि जन्माच्याच जोरावर ते तोंडावर बंद झाले. त्या काळी कायद्याने दुसरा मार्ग ठेवला नव्हता हे खरे. तरी वाचताना मन खट्टू होते.

निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदुस्थानींची नागरिकत्वे एकामागून एक रद्द करायला घेतली. पेशावरचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांचे नागरिकत्व गेले, आणि त्याबरोबर मालमत्तेचे हक्कही. 1928 साली त्यांनी सॅन होजेत आपले आयुष्य संपवले. सरकारने पंडितांवरही दावा लावला. कालपर्यंत दुसऱ्याची बाजू मांडणारा वकील आज स्वतःच प्रतिवादी. हरले असते तर काय काय गेले असते? नागरिकत्व गेले की कॅलिफोर्नियाची सनद गेली, म्हणजे पोटाचा धंदा गेला. नागरिक होण्यास अपात्र परदेशीयाला जमीन बाळगता येणार नाही असा कायदा त्या राज्यात होता, म्हणजे जमीनजुमल्यावर गदा. आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अशा परदेशीयाशी लग्न केलेल्या अमेरिकन बाईचेही नागरिकत्व जात असे. म्हणजे लिलियनबाई स्वतःच्या जन्मभूमीत परक्या झाल्या असत्या.

या वेळी पंडितांनी वेगळी बाजू मांडली. मी कोणत्या वंशाचा, हा वाद बाजूला ठेवा. 1914 साली तुमच्याच न्यायालयाने मला नागरिक केले. तुमचा माणूस तेव्हा समोर होता, तुम्ही अपील केले नाही. त्या निकालावर विश्वास ठेवून मी मायदेशातल्या वडिलार्जित हक्कांवर पाणी सोडले, कायद्याचा व्यवसाय पत्करला, लग्न केले, घर उभे केले. आता एवढ्या वर्षांनी तुम्ही म्हणता, तो निकाल चुकीचा. हे न्यायाचे होईल का? खालच्या न्यायालयाने हे मान्य केले. 1926 साली अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला: जो प्रश्न एकदा रीतसर ठरला, तो सरकारला पुन्हा उकरता येणार नाही. 1927 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर सरकारने इतर हिंदुस्थानींवरचे उरलेले दावेही सोडून दिले. एका सनदधारकाने आपली सनद वाचवली आणि तिच्या सावलीत इतर कितीतरी जण वाचले. हिंदुस्थानींना नागरिकत्वाचा हक्क पुन्हा मिळाला तो पुढे 1946 साली.

जन्माच्या दाव्यावर जो माणूस हरला, तो दिलेल्या शब्दाच्या दाव्यावर जिंकला. मला या साऱ्या इतिहासाचे सार त्या एका गोष्टीत दिसते. सनद हा शेवटी शब्दच असतो. राज्याने माणसाला दिलेला आणि माणसाने राज्याला दिलेला.

अर्थात सनद मिळाली म्हणजे काम मिळाले असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1922 साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या पदरी, पण मुंबईत सनद काढायला पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ते दिले आणि 1923 साली त्यांनी वकिली सुरू केली. पण काम देणारे सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे फिरकत नसत. संसार चालावा म्हणून त्यांना एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. इथे तर देशही आपला होता आणि कायदाही आपल्याकडचाच. सरहद्द नकाशावरच असते असे थोडेच आहे?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्माचे कुलूप हळूहळू निघत गेले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली ठरवले, की वकिलीसाठी नागरिकत्वाची अट घालता येणार नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिफिथ्स या डच बाईंच्या खटल्यात तोच निर्णय साऱ्या देशासाठी दिला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली अँड्र्यूज खटल्यात तेच सांगितले. अँड्र्यूज हे ऑक्सफर्डला कायदा शिकलेले ब्रिटिश गृहस्थ होते. तुझा जन्म कुठला, हा प्रश्न मागे पडला आणि तुला आमचा कायदा येतो का, हा प्रश्न पुढे आला.

हा बदल मोठा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या हातात नसते, दुसऱ्याचे असते. आणि दुसरा प्रश्न विचारणे अन्यायाचेही नाही. कुणा गरीब अशिलाचे घर ज्याच्या बोलण्यावर टांगलेले असते, त्याला तिथला कायदा यायलाच हवा.

आपणही इतरांना विचारतोच की. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे आपल्याकडे वकिलीसाठी भारतीय नागरिकत्व लागते. ज्या देशात आपल्या माणसाला वकिली करू देतात, त्या देशाच्या माणसापुरती सवलत आहे. परदेशात कायदा शिकून परतलेल्या आपल्याच मुलालाही बार कौन्सिलची वेगळी परीक्षा द्यावी लागते. परदेशी वकिलांना आपल्या कोर्टात उभे राहता येत नाही. त्यांच्या देशाच्या कायद्यावर सल्ला देण्यापुरती वाट बार कौन्सिलने 2023 च्या नियमांनी काढून दिली. तेव्हा दुसऱ्याच्या दारावरच्या कुलपाला नावे ठेवताना आपल्या दाराकडेही पाहावे.

मग माझ्या भाचीचे काय झाले? आम्ही दोघे दोन रात्री कागद चाळत बसलो. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचे तर 2021 सालापासून एकच सामाईक परीक्षा आहे, तिला एसक्यूई म्हणतात. पहिल्या टप्प्यात 360 प्रश्न, दुसऱ्यात लेखी आणि तोंडी मिळून प्रत्यक्ष कामाची सोळा कसोटीपत्रके. दोन्हींची फी साडेचार हजार पौंडांहून अधिक. पण त्यासाठी एलएल.एम. लागतच नाही. ज्याच्याकडे आपल्या देशाची सनद आहे, त्याला तिथल्या दोन वर्षांच्या उमेदवारीचीही अट नाही. पहिला टप्पा तर भारतातूनच देता येतो. न्यूयॉर्कला मात्र आपल्याकडच्या काहींना आधी तिथल्या मान्य कॉलेजात एलएल.एम. करावे लागते. आणि ज्या कॅलिफोर्नियाने चँगला परत पाठवले, तिथे आज आपली सनद दाखवून थेट बारच्या परीक्षेला बसता येते. कॅनडात एक राष्ट्रीय समिती तुमचा अभ्यास तपासून कोणते विषय पुन्हा द्यायचे ते सांगते, आणि त्यानंतर तिथल्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी.

म्हणजे एजंटाचे बोलणे अर्धे खरे होते, आणि अर्ध्या खऱ्यावर भातखाचरे विकली जात होती. एलएल.एम. ही पदवी आहे, सनद नव्हे. ती शिकावीशी वाटली तर जरूर शिकावी. पण ती सनद समजून घेऊ नये. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक कायदा पदवीधराने तीन प्रश्न आधी विचारावेत. तिथे सनद कोण देतो? तो माझ्याकडून काय मागतो? आणि सनद हाती येईपर्यंत मी कोणते काम करून पोट भरू शकतो? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. कॉर्नेलियाबाईंनी सनदेवाचून वर्षानुवर्षे काम केले, ते कुणाच्या उपयोगी पडले हे आपण पाहिले. आजही कंपन्यांत, लवादाच्या कामात, करारांचे मसुदे करण्यात आपली कितीतरी मुले परदेशात असे काम करतात. त्यात कमीपणा काही नाही.

भाची आता रोज पहाटे उठून इंग्लंडचा कायदा वाचते आणि दुपारी नाशिकच्या कोर्टात जाते. खाचरे अजून घरचीच आहेत. परवा थोडी खचल्यासारखी दिसली. म्हणाली, “मामू, इतकी वर्षं शिकले ते सगळं वाया का? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात?”

मी तिला आमच्या स्टेशनाकडे बोट दाखवले. तिला ते इंजिन बदलणे आठवत नाही. मुंबईपासून पुढपर्यंत तारांतली वीज आता एकच झाली आहे, आणि गाडी इगतपुरीला पूर्वीसारखी अडत नाही. ते आपोआप झाले नाही; माणसांनी वर्षानुवर्षे खांबांवर चढून तारा बदलल्या. कायद्याच्या तारा त्याहून हळू बदलतात, पण त्याही बदलतात, हे आपण आत्ताच पाहिले. तोवर ज्याला घाटापलीकडे जायचे आहे, त्याने इंजिन बदलावे. मी तिला अब्बांचे वाक्य सांगितले. बेटा, बिघडलेलं काही नाही. वरची तार बदलली.